तबकडीवरचं नाव

गंगाखेडच्या आमच्या घराला रस्त्याच्या अंगाला एक खोली आहे. तिच्यात आजवर शिवणकामवाला आला, झेरॉक्सवाला आला, मोबाइलवाला आला. टिकलं कुणी नाही. येणारा प्रत्येक जण आधी भिंत रंगवून घेतो आणि वर्षभरात रंगाखालून खिळ्यांची भोकं पुन्हा डोकावायला लागतात. ओळीनं, सारख्या अंतरावर. ती उमाजीच्या घड्याळांची भोकं.

उमाजीबद्दल गावात आजही एकच शब्द निघतो, तो म्हणजे चोर. ज्यांच्यासाठी मला एवढी वर्षं गप्प बसणं भाग होतं, ती माणसं आता राहिली नाहीत. खरं सांगितल्यानं आता कुणाचं घर मोडणार नाही, म्हणून हे लिहिते.

मी परभणीच्या कॉलेजातून बी. ए. झाले आणि लग्न होऊन या घरात आले, त्याच्या पुढच्याच वर्षी उमाजीनं ती खोली भाड्यानं घेतली. तो धनगराच्या घरचा. लहानपणी तापात उजवा पाय वाळला आणि मेंढरांमागं चालणं संपलं. त्याचा बाप येडबा त्याला पाठुंगळी मारून परभणीला घेऊन गेला आणि हैदराबादेहून आलेल्या एका म्हाताऱ्या उस्तादांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात बसवून आला. "बसून करायचं काम शिकवा," एवढंच म्हणाला म्हणे. उमाजी बसून शिकला. हात असे तयार झाले, की केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली तरी थरथरायची नाही. कपाळाला मात्र भंडारा कायम. तेवढं मेंढरांकडचं त्यानं सोडलं नव्हतं.

भिंतीवर पंधरा-वीस घड्याळं टांगलेली आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नसे. लोक दारातूनच चेष्टा करायचे. "उमाजी, एवढी घड्याळं, अन् एकबी बरोबर न्हाई?"

"दुखणाईतं हायेत ती," तो भिंगातून मान न उचलता म्हणायचा. "दवाखान्यात सगळेच ताठ चालतेत व्हय?"

त्या दिवसांत आमच्या भागात नवरदेवाच्या मनगटावर घड्याळ बांधल्याशिवाय टिळा होत नसे. साधं देशी घड्याळ चालायचं. पण मुलगा नोकरीवाला असला की मुलाकडचे "विलायती" म्हणायचे. मुंबईहून, हैदराबादेहून फेरीवाले विलायती नावाची घड्याळं आणायचे आणि त्यातली निम्मी खोटी निघायची. त्यावरून भर मांडवात भांडणं व्हायला लागली तेव्हा एक रीत पडली. टिळ्याच्या दिवशी सकाळी दोन्हीकडची वडीलधारी माणसं घड्याळ घेऊन उमाजीकडं यायची. उमाजी पांढरं फडकं अंथरायचा, सगळ्यांसमोर मागचं झाकण उघडायचा, भिंगातून बघायचा आणि वाटलं तर त्यांनाही बघायला द्यायचा. मग डबीतल्या भंडाऱ्याची चिमूट कपाळाला लावून दोनच शब्द बोलायचा. "खरं हाय," नाहीतर "खरं न्हाई." त्यावर कुणी उलट बोलत नसे. तहसीलदाराच्या सहीपेक्षा त्या चिमटीला वजन होतं. मी मधल्या दारात पोह्यांचं ताट घेऊन उभी असायची, त्यामुळं हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत व्हायचं.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं. एसटी बंद होत्या. कुठल्या गावची दलितवस्ती जाळली, कुणाची घरं लुटली, याच्या बातम्या कुजबुजत यायच्या. आमच्या समोरच्या रस्त्यानं डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं गेली, ती कुठं गेली ते कुणी विचारलं नाही. उमाजी दार अर्धं लोटून बसला होता. ते वर्ष सरलं, लग्नसराई पुन्हा सुरू झाली आणि त्या सराईतच चंद्रभानच्या मुलीचा टिळा आला.

चंद्रभान पलीकडच्या खेड्यातला, थोडी जमीन असलेला माणूस. मुलगी कस्तुरा. नवरा मुलगा शाळामास्तर. घड्याळ चंद्रभाननं स्वतः हैदराबादला जाऊन आणलं होतं आणि त्याचा त्याला भारी अभिमान. "उघड उघड," तोच घाई करत होता, "व्याह्यांना दिसू दे आतलं."

उमाजीनं उघडलं. बराच वेळ बघितलं. मग भंडारा लावला आणि म्हणाला, "खरं न्हाई."

चंद्रभानचं तोंड मी विसरले नाही. त्याला फसवलं गेलं होतं हे सगळ्यांना दिसत होतं, मुलाच्या बापालासुद्धा. पण तो उठला, टोपी झटकली आणि म्हणाला, "घड्याळच असं, तर पोरगी कशी असंल?" चार माणसं त्याच्यामागं उठली. पोहे तसेच राहिले.

उमाजी त्यानंतरही रोजच्यासारखा काम करत राहिला. मी एकदा म्हटलं, "उमाजीभाऊ, थोडं सांभाळून घेता आलं नसतं का?"

"वैनी, माझ्याकडं पाय न्हाई, जमीन न्हाई. जबान तेवढी हाय. ती बी वाकडी केली तर मी काय ऱ्हायलो?"

तीनेक वर्षं गेली असतील. एके दुपारी एक बाई गजराचं घड्याळ पदराखाली धरून आली. मागं तिच्याहून फार लहान नसलेली दोन पोरं. अंगानं वाळलेली, कपाळावर वण. उमाजीनं ओळखलं नाही. मी ओळखलं. ती कस्तुरा होती.

"कुठनं आलाव, बाई?" उमाजीनं विचारलं.

"चुडाव्याहून. हे वाजत न्हाई. न वाजल्यावर उठाया उशीर हुतो, अन् उशीर झाला की..." तिनं कपाळावरचा वण पदरानं झाकला. मग म्हणाली, "वळखलं न्हाई का, काका? चंद्रभानची मी."

उमाजीच्या हातातला चिमटा खाली पडला. मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या हातून काही पडलेलं बघितलं.

"तुमी खोटं ठरवलेलं घड्याळ बापानं हिरीत टाकलं," ती अगदी शांतपणे सांगत होती, भाजीचा भाव सांगावा तशी. "अन् मला चुडाव्याला दिलं. बिजवर हाय. ही पोरं त्याची. मी पळाले-बिळाले न्हाई. बापाला अजून दोघी उजवायच्या व्हत्या."

"माय, मी खरं तेच..."

"खरंच बोललाव तुमी. कोन न्हाई म्हनतंय?" ती म्हणाली. "गजर नीट करा. मोठ्यानं वाजू द्या."

उमाजीनं तो गजर दुरुस्त केला, पैसे घेतले नाहीत. ती गेल्यावर सगळी घड्याळं टिकटिकत होती आणि तो नुसता बसून होता. पुढं बरेच दिवस त्यानं आमच्या घरून जाणारा जेवणाचा डबा निम्मा परत पाठवला.

त्याच्या पुढच्या वर्षी भिवराबाई आली. ही गावाबाहेर मेंढरांच्या वाड्यावर राहणारी विधवा. मेंढरं राखायची, खुरपायला जायची. आवाज असा की नदीपलीकडं ऐकू जावा. तिच्या लेकीचं, सुंदराचं जमलं होतं. मुलगा सिताराम, साखर कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर कारकून, नोकरीत कायम. धनगरांत त्या काळी एवढा शिकलेला, नोकरीला लागलेला मुलगा म्हणजे लॉटरीच. सितारामला विलायती घड्याळ हवं होतं, कारण कारखान्याच्या साहेबांच्या हातात ते होतं. भिवराबाईनं निम्मी मेंढरं विकली आणि जत्रेत एका फेरीवाल्याकडून सोनेरी तबकडीचं, विलायती नावाचं घड्याळ घेतलं. लुगड्याच्या गाठीत बांधून आणलं होतं.

टिळ्याच्या सकाळी सितारामचा बाप, चुलता आणि चार माणसं बसली. भिवराबाई दारात उकिडवी. "बघा बघा, दादा," ती उमाजीला म्हणाली, "माझी अर्धी मेंढरं त्या डबीत वरडायलीत का बघा!" सगळे हसले.

उमाजीनं फडकं अंथरलं. झाकण उघडलं. भिंग डोळ्याला लावलं. मी पोह्यांचं ताट धरून उभी होते. तो बघत राहिला आणि एकदा, फक्त एकदा, भिंग काढून त्यानं दाराकडं पाहिलं. सुंदरा आईच्या मागं उभी होती. नाक नुकतंच टोचलेलं, त्यावर हळद.

"खरं हाय," उमाजी म्हणाला.

मंडळी खूश झाली. कुणीतरी पेढा त्याच्या तोंडात कोंबला. पण माझं लक्ष भंडाऱ्याच्या डबीकडं होतं. तो डबीला हात न लावताच बोलला होता.

सगळे गेल्यावर मी कप गोळा करायला गेले. "उमाजीभाऊ, आज भंडारा राहिला."

तो फडक्याची घडी घालायला लागला. "संपलाय," म्हणाला.

मी डबी उचलून हलवली. भरलेली होती.

"वैनी," तो म्हणाला, "कस्तुराला मी खरं बोलून बुडवलं. आता हिला बी बुडवू?"

"पण पुढं कुणी उघडलं तर?"

"उघडंल कोन? तालुक्यात उघडणारा मीच एकटा." मग म्हणाला, "अन् मी ते खोटं ठेवणारच न्हाई."

त्याचा अर्थ मला हळूहळू कळला. लग्नानंतर त्यानं सितारामला बजावून ठेवलं. "जावईबापू, विलायती माल हाय. दर साली दसऱ्याच्या आधी माझ्याकडं आणायचं. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्याचा न्हाई." सितारामला त्यात मोठेपणा वाटायचा. दर वर्षी तो इस्त्रीची पँट घालून यायचा, घड्याळ काढून फडक्यावर ठेवायचा आणि चहा पीत कारखान्यातल्या साहेबांच्या गप्पा सांगायचा. उमाजी झाकण स्वतःकडं वळवून, पाठ करून उघडायचा. त्या घड्याळाचं आतलं हलकं मशीन तो पुसायचा, तेल घालायचा आणि पुढच्या वर्षापर्यंत चालेल एवढं त्याच्याकडून वदवून घ्यायचा.

आणि एकीकडं तो खरं मशीन जमवत होता. त्याच नावाच्या जुन्या, मेलेल्या घड्याळांतून. कुठल्या निजामी जमीनदाराच्या विधवेनं विकलेलं एक, पाण्यात पडून गंजलेलं एक, हैदराबादच्या जुन्या बाजारात किलोनं विकल्या जाणाऱ्या भंगारातलं एक. एकाची चाकं चांगली, दुसऱ्याची पट्टी, तिसऱ्याचं नुसतं मागचं झाकण. हैदराबादला तो वर्षातून एकदा जायचा, काठी टेकत, आणि परत आला की माझ्या मुलांना उस्मानिया बिस्किटं द्यायचा. भाग एका तपकिरीच्या डबीत कापसावर ठेवायचा. ती डबी मला एकदा दाखवली होती त्यानं, माहेरवाशिणीनं बाळसं धरलेलं लेकरू दाखवावं तशी. पाच वर्षं हे चाललं. धोतराला ठिगळं, पण डबी भरत गेली. एका बारीक चाकासाठी दोन दसरे गेले. दर वेळी सिताराम पायऱ्या चढताना दिसला की मला धडकी भरायची, की आज हा म्हणतो की काय, "परभणीत दाखवलं."

सुंदरा मधल्या काळात दोनदा माझ्याकडं येऊन गेली. पहिल्या वेळी पोटुशी होती, दुसऱ्या वेळी कडेवर मुलगी. तिचा नवरा वाईट नव्हता. पण मानाचा मोठा भुकेला होता. "सासू म्हनते," ती हसत सांगायची, "घड्याळवाली सून हाय माझी. दुसरीनं नुसता रेडू आणला." रेडू म्हणजे रेडिओ. ती हसायची, पण त्या हसण्यातलं भय मला दिसायचं. त्या घरात तिची जागा त्या घड्याळावर उभी होती.

अठ्ठ्याऐंशीच्या दसऱ्याला उमाजीनं सितारामला घड्याळ दोन दिवस ठेवून जायला सांगितलं. दुपारी माझ्याकडं आला तेव्हा त्याचा चेहरा उजळला होता. "झालं, वैनी. खरं झालं. आता कुनाचा बाप बी उघडू दे."

मी भिंग लावून पाहिलं. मला त्यातलं काय कळणार? पण लालसर खड्यांवर ते चाक असं जाता-येता श्वास घेत होतं, की बघत राहावं. मागचं झाकणही अस्सल. त्यानं जुन्या तबकडीचे मागचे पाय घासून नव्या मशीनवर ती बेमालूम बसवली होती.

"आणि ही तबकडी?" मी विचारलं. "ही तर फेरीवाल्याचीच ना?"

"खरी तबकडी बी हाय माझ्याकडं." त्यानं तपकिरीच्या डबीतून एक काढून दाखवली. पिवळट पडलेली, कडेला डाग. "पर ही बसवली तर सिताराम म्हनंल, माझी चमक कुठं गेली? ऱ्हाऊ दे. तबकडी काय, पाटी हाय. घड्याळ म्हंजे आतलं."

"वरचं नाव?"

"नाव काय, रंगानं लिवलेलं असतंय."

"उमाजीभाऊ," मी म्हटलं, "रंगानं लिहायच्या नावापायीच आपल्याकडं वस्त्या जळाल्या."

"ते माणसाचं नाव हाय, वैनी. हे घड्याळाचं."

त्याला वाटलं फरक आहे. मलाही त्या दिवशी पटलं.

दोन वर्षांनी आमच्याच रस्त्याला, चौकाच्या तोंडावर, बन्सीधर शेटजींच्या कापड दुकानाच्या जागी काचेचं शोरूम उभं राहिलं. शेटजींचा मुलगा नंदकिशोर मुंबईत बिझनेसचं मोठं शिक्षण घेऊन, मग मामाच्या ओळखीनं वर्षभर स्वित्झर्लंडला राहून आला होता. तिथं म्हणे महागड्या मालाचं नाव कसं जपायचं, कसं वाढवायचं, याचाच अभ्यास असतो. शेटजींना लकवा झाला म्हणून त्याला गंगाखेडला परतावं लागलं. गावात चेष्टा व्हायची. "नाव सांभाळायला बी कालिज लागतंय का?" पोरगा मात्र गुणी. उमाजीला वाकून नमस्कार करायचा. उमाजी त्याला विचारायचा, "तिकडं मशीन जुळवाया कोन बसतंय?" तो सांगायचा, "बायका बसतात काका, पांढरे कोट घालून." उमाजीला ते इतकं आवडलं, की मला दोनदा सांगितलं.

शोरूमवर पाटी लागली. जुनं घड्याळ आणा, सेलवर चालणारं नवं न्या. विलायतीला विशेष सवलत. कारखान्यातल्या साहेबांनी आता सेलची घड्याळं बांधायला सुरुवात केली होती. सिताराम उमाजीला न विचारता सरळ शोरूममध्ये गेला.

मी धान्य निवडत होते. उमाजी मधल्या दारात येऊन उभा राहिला. असा कधी यायचा नाही. "वैनी, कुणीतरी सांगून गेलं, सिताराम तिथं आरडाओरडा करायलाय. तुमी येता का संगट? ते पोरगं मधीच इंग्रजी बोलतंय."

त्यानं तपकिरीची डबी बंडीच्या खिशात घातलेली मी पाहिली. आम्ही गेलो. तो पुढं काठी टेकत आणि मी मागं.

काचेच्या दारातून गार वारा आला. सिताराम काउंटरवर दोन्ही हात टेकून उभा होता, मान लाल झालेली. आजूबाजूला सात-आठ माणसं.

"बोला, काका," सिताराम उमाजीला बघताच म्हणाला, "हा म्हनतोय माझं घड्याळ नकली हाय!"

नंदकिशोर गोंधळला होता. "मी तसं नाही म्हणालो. तबकडीवरचं नाव खोटं आहे, एवढंच. ही अक्षरं बघा ना, जाडी वेगळी आहे. आणि नाव खोटं, तर मला हे घेता येणार नाही."

"आधी उघडून तर बघ," उमाजी म्हणाला. त्याच्या आवाजात भीती नव्हती. उलट थोडी घाई होती, चंद्रभानला झाली होती तशीच.

"उघडायची गरज नाही, काका."

"गरज न्हाई? बाळा, घड्याळ आत असतंय."

"काका, तुमच्यासाठी." पोरगा फार मऊ आवाजात बोलला, त्याला खरंच वाईट वाटत होतं. "मशीन मनगटावर कोण बांधतं? लोक नाव बांधतात. आम्हाला तिकडं सगळ्यांत आधी हेच शिकवलं. आतलं सोन्याचं असलं आणि नाव खोटं असलं, तर ते घड्याळ खोटंच."

सितारामनं काउंटरवर हात आपटला. "सात वर्षं खोटं मिरवलं मी! साहेबांपुढं! त्या म्हातारीनं आमाला उल्लू बनवलं. आज घरी जातो अन् तिच्या लेकीला बोचक्यासकट वाड्यावर टाकून येतो. ऱ्हा म्हनावं मेंढरांत!"

"उघड, बाळा," उमाजी पुन्हा म्हणाला. "माझ्यासाठी उघड."

नंदकिशोरनं त्याचं मन मोडलं नाही. झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं. बघत राहिला. "अरे," तो म्हणाला. "हे अस्सल आहे. पूर्ण अस्सल. झाकणसुद्धा." आणि मग, हिशोब मांडावा तसं, कसलाही डाव नसताना, तो पुढचं वाक्य बोलून गेला. "मग वरची तबकडी कुणीतरी नंतर बदललीय. पाय घासल्याच्या खुणा आहेत बघा. हे दर वर्षी उघडतं कोण?"

सगळ्यांना उत्तर माहीत होतं.

मी उमाजीकडं पाहिलं. तो एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. टिळ्याच्या दिवशी मी खोटं बोललो, एवढा. मग चोरीचा आळ पुसला गेला असता. भिवराबाई फसवी ठरली असती आणि संध्याकाळच्या आत सुंदरा दोन लेकरांसकट वाड्यावर. मी तोंड उघडलं असेन बहुतेक, कारण त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, नाही म्हणून. अगदी हलकी.

मग त्यानं खिशातली डबी काढली, काउंटरवर उघडली आणि पिवळट तबकडी चिमट्याशिवाय, बोटांनीच, सितारामपुढं ठेवली.

"ही घ्या तुमची. मी काढली."

नंदकिशोरनं ती भिंगाखाली धरली. "ही अस्सल आहे," तो हळू म्हणाला आणि मग कुणाकडंच बघेना.

"माझी तर चमकत होती," सिताराम म्हणाला.

"काढून ठिवली की पिवळी पडतेय," उमाजी म्हणाला. "म्हातारीचं घड्याळ खरंच व्हतं. तिनं फसवलं न्हाई तुमाला. मी फसवलं."

सितारामनं त्याच्या तोंडात मारली. काठी निसटली आणि उमाजी काचेच्या कपाटावर जाऊन आदळला. कुणी अडवलं नाही. मी त्याला उचलायला गेले तर एक जण म्हणाला, "राहू द्या, बाई. चोराला हात लावू नका."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात रांग लागली. ज्यांच्या-ज्यांच्या टिळ्याची घड्याळं उमाजीनं उघडली होती, ते सगळे. "आमच्या जावयाच्या घड्याळातलं काय काढलं, बोल!" इतक्या वर्षांची त्याची प्रत्येक चिमूट लोकांनी परत मागितली. तो प्रत्येक घड्याळ उघडायचा, दाखवायचा, बंद करायचा. बोलायचा नाही. कुणी त्याच्या बोलण्याची वाटही बघत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी भिवराबाई आली. तिला तर काहीच माहीत नव्हतं. फेरीवाल्यानं आपल्याला फसवलं होतं, हेसुद्धा नाही. ती दारात उभी राहिली आणि तिचा तो नदीपलीकडं जाणारा आवाज अख्ख्या आळीनं ऐकला.

"माझी अर्धी मेंढरं गेली रे त्याच्यात! रांडमुंड बाईचं लुबाडलंस? आपल्याच जातीचा असून? तुझा दुसरा बी पाय वाळंल!" तिनं पायातली वहाण काढून फेकली. ती भिंतीवरच्या घड्याळाला लागली, काच फुटली.

उमाजीनं वहाण उचलली, पुसली आणि उंबऱ्यावर तिच्या पायापाशी ठेवली. "पोरगी सासरीच हाय न्हवं?" त्यानं विचारलं.

"हाय! जावई भला हाय म्हनून! तुझ्यासारका असता तर?"

उमाजीनं मान खाली घातली. त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते तिला दिसलं नाही. मला दिसलं.

महिन्याच्या आत त्यानं खोली सोडली. भिंतीवरची घड्याळं मालकांकडं गेली. भिंग त्यानं माझ्या मुलाला द्यायला काढलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत खिशात घातलं. सितारामनं ते घड्याळ शेवटी शोरूममध्येच देऊन सेलचं नवं घेतलं. मी पुढं एकदा नंदकिशोरला विचारलं, "त्यातलं मशीन कुठंय रे?" तो ओशाळून म्हणाला, "काकू, जुने सगळे एकत्र मुंबईला भंगारात गेले. नावाविना नुसत्या मशीनला कोण विचारतं?"

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीनंतर मी नणंदेकडं पिंगळीला गेले होते. त्याच आठवड्यात विद्यापीठाला नाव मिळालं होतं. गाडीतून येताना ठिकठिकाणी निळे झेंडे दिसले. पिंगळीच्या स्टेशनावर एक म्हातारा पेपरातलं ते नाव बोटानं चाचपत होता, वाचता येत नसावं. नणंदेनं सहज सांगितलं, की रुळापलीकडं एक लंगडा धनगर भावाच्या वाड्यावर राहतो, पूर्वी गंगाखेडला घड्याळं करायचा म्हणे. मी दुपारी गेले.

तो बाभळीखाली बसून एका कोकराच्या पायातला काटा काढत होता. तोच चिमटा, तेच भिंग. डोळे मात्र खोल गेलेले आणि खोकला असा, की मधून मधून काटा सुटायचा. कपाळाला भंडारा दाट होता.

"वैनी," तो म्हणाला, "बसा. पाणी आणू का?"

मी बसले. मग म्हटलं, "सगळं सांगून टाकू का आता? चार वर्षं झाली."

"कुनाला?" त्यानं विचारलं. मग काटा काढला, भिंगातून नीट पाहिला आणि फेकला. कोकरू उभं राहिलं, तीन पायांवर, मग चार. "सुंदरा कशी हाय?"

"नांदतेय. तिसऱ्यांदा गरोदर आहे. मागच्या महिन्यात चौकात दिसली, नवऱ्यासोबत. माझ्याशी बोलली. तुमचं नाव निघालं तेव्हा थुंकली."

उमाजीनं भिंग धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि खिशात ठेवलं. "नांदायलीय ना," तो म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानं आणखी काही विचारलं नाही. तो पाणी आणायला उठला आणि कोकरू त्याच्या मागं मागं गेलं.

त्याच उन्हाळ्यात तो गेल्याचं नणंदेनं कळवलं.